ऑफाच्या बांधावरचा शेवटचा दिवस

पंढरीची वारी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अशा तुम्हा वाचकांना पायी चालण्याचे कौतुक मी काय सांगावे! पण देवाचे नाव नाही, टाळमृदंग नाही, शेवटी कुणाचे दर्शन नाही आणि तरीही माणसे पंधरा-पंधरा दिवस पाठीवर पडशी टाकून शेताबांधांतून चालत जातात, हे मी गेल्या मे महिन्यात डोळ्यांनी पाहिले. नुसते पाहिले नाही, त्यांच्यातलाच एक होऊन चाललो. त्या वाटचालीचा शेवटचा दिवस तुम्हाला सांगायचा आहे. त्या दिवशी मी वाट चुकलो नाही, पण माझी एक चूक मला सापडली.

माझी धाकटी मुलगी लिव्हरपूलला रुग्णालयात परिचारिका आहे. चार वर्षे ती म्हणत होती, "आबा, एकदा या. तुम्हाला शहर नाही दाखवत, शेते दाखवते." खरिपाची गडबड सुरू व्हायच्या आत परतायचे, या बोलीवर रजा टाकली आणि गेलो. तिने आधीच बेत ठरवून ठेवला होता. वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवरून दक्षिणेच्या चेपस्टो गावाजवळच्या नदीकाठापासून उत्तरेच्या प्रेस्टॅटिन गावच्या समुद्रापर्यंत एक पायवाट जाते. लांबी १७७ मैल, म्हणजे २८५ किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरला पालखी जेवढे चालते, त्याहून थोडे जास्तच. आम्ही ती तेरा दिवसांत चाललो.

राजाचा बांध

या वाटेचे नाव ऑफाज डाइक पाथ. ऑफा हा मर्शिया नावाच्या इंग्रज राज्याचा राजा. त्याने इ. स. ७५७ ते ७९६ राज्य केले. त्याच्या काळात वेल्सच्या बाजूला खंदक आणि आपल्या बाजूला मातीचा भराव, असा एक प्रचंड बांध सीमेवर घातला गेला. तो लढाईसाठी होता, गुरांची चोरी थांबवण्यासाठी होता, की नुसती हद्द दाखवण्यासाठी, याबद्दल जाणत्यांमध्ये अजून वाद आहे. बाराशे वर्षांचे पाऊसवारे खाऊनही कित्येक ठिकाणी तो माणसाच्या डोक्यावर उंच आहे. त्याच्यावर ओकची झाडे वाढली आहेत, सशांनी बिळे केली आहेत, मेंढ्या उताराला बसून रवंथ करतात.

वेल्श भाषेत याला 'क्लाउद ऑफा' म्हणतात. गंमत अशी की 'क्लाउद' हा शब्द ते लोक शेताच्या साध्या कुंपणाच्या बांधालाही वापरतात. आपण नाही का शेताच्या मेरेलाही बांध म्हणतो आणि धरणाच्या भिंतीलाही बांधच म्हणतो! राजा असो की कुळवाडी, आपली हद्द दाखवायला माती ओढतो ती सारखीच.

ही पायवाट १९७१ साली रीतसर खुली झाली. उद्‌घाटनाला लॉर्ड हंट आले होते. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी ज्या मोहिमेत एव्हरेस्टवर चढले, तिचे हे नेते. आज ही वाट वेल्स-इंग्लंडची सीमा वीसहून जास्त वेळा ओलांडते. एका शेतात वेल्स, पुढच्या शेतात इंग्लंड, पुन्हा वेल्स. एके काळी जिथे ओलांडणाऱ्याच्या जिवाला धोका, तिथे आज पोरे खाऊचा पुडा घेऊन इकडून तिकडे उड्या मारतात.

पहाटेचे बॉडव्हारी

शेवटच्या दिवसाची सुरुवात बॉडव्हारी गावातून होते. डोंगराच्या कुशीतले लहानसे खेडे. तिथून प्रेस्टॅटिनचा समुद्र बारा मैल. आदल्या दिवशी आम्ही क्लूइड डोंगररांगेचा माथा धरून आलो होतो. त्या रांगेतला सर्वांत उंच डोंगर मोएल व्हामा ५५४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पुढे अगदीच लेकरू. पण वारा असा की टोपी हाताने धरून चालावे लागले. माथ्यावर हेदर नावाचे खुरटे झुडूप गोधडीसारखे पसरलेले, मधूनच पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स, आणि प्रत्येक दुसऱ्या डोंगरावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या किल्ल्याचे मातीचे तट.

सकाळी सात वाजता निघालो. तिथे मेअखेरीस पहाटे पाचलाच फटफटते आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. रात्री रिमझिम झाली होती. गवतातून चालताना गुडघ्यापर्यंत विजारी भिजल्या. गावाबाहेर पडताच चढ लागतो. माझे गुडघे बोलू लागले. धाकटी पुढे जाऊन थांबे, मी गाठले की पुन्हा पुढे जाई. लहानपणी शेतात जाताना मी तिच्यासाठी असाच थांबत असे.

चढ संपल्यावर डाव्या हाताला क्लूइड नदीचे खोरे उलगडते. कृषी खात्यात हयात गेलेल्या माणसाने तिथे थांबू नये तर काय करावे? तांबूस माती, चौकोन-चौकोन हिरवी शेते, प्रत्येकाच्या कडेने हॉथॉर्नचे जिवंत कुंपण, आणि त्या कुंपणाला पांढऱ्या फुलांचा असा बहर की कुणी भात सांडला आहे असे वाटावे. खोऱ्यात नदीकाठी सेंट असाफ हे गाव. त्याच्या लहानशा कॅथीड्रलचा एक बिशप विल्यम मॉर्गन. त्याने संपूर्ण बायबल वेल्श भाषेत आणले. ते १५८८ साली छापले गेले आणि त्या एका पुस्तकामुळे वेल्श भाषा टिकली असे लोक मानतात. आजही पाटीवर आधी वेल्श, मग इंग्रजी. सकाळी भेटणारा माणूस "बोरे दा" म्हणतो, म्हणजे सुप्रभात. तेरा दिवसांत मी एवढे एक नीट शिकलो.

फाटकांचे शास्त्र

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही वाट सरकारी जमिनीतून जाते असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. ती जाते शेतकऱ्यांच्या मालकीच्या शेतांतून. कधी गव्हाच्या उभ्या पिकातून, कधी गायरानातून, कधी तर थेट कुणाच्या गोठ्याच्या अंगणातून. एका बाजूला मुरघासाचे काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे, दुसऱ्या बाजूला दुधाच्या गाई, आणि मधून आपण परके लोक पाठीवर ओझे घेऊन चाललो आहोत. कुणी हटकत नाही. खांबावर ओकच्या फळाचे चिन्ह असले की समजावे, ही राष्ट्रीय पायवाट. साध्या सार्वजनिक पायवाटेला पिवळा बाण.

कुंपण आले की तीन सोयींपैकी एक असते. एक, लाकडी पायऱ्यांची घोडी. तीवर चढून पलीकडे उतरायचे. दोन, अर्धगोल कठड्यात झुलणारे छोटे फाटक. त्यात माणूस वळसा घेऊन निघतो, मेंढीला ते जमत नाही. तीन, साधे लोखंडी फाटक. नियम एकच. फाटक जसे सापडले तसे ठेवायचे. बंद असेल तर बंद करून जायचे. कुत्रा असेल तर मेंढ्यांत साखळीने धरायचा.

यामागचा कायदा ऐकण्यासारखा आहे. १९४९ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रत्येक कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, सार्वजनिक पायवाटांचे पक्के नकाशे करायला लावले. नकाशात वाट आली की ती आली. जमीन शेतकऱ्याची, पण चालण्याचा हक्क लोकांचा. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते. मात्र पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून किमान एक मीटर रुंद दाखवावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. हे सारे सुखासुखी आले असे नाही. १९३२ साली इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात उमरावांच्या शिकारीच्या माळावर चालत गेलेल्या तरुणांपैकी पाच जण तुरुंगात गेले होते.

आमचा हा अपराध

दुपारी रिॲल्ट गाव मागे टाकले आणि पुलावरून हमरस्ता ओलांडला. खाली मोटारींचा लोंढा आणि शंभर पावलांवर पुन्हा शेत, शांतता, मेंढ्या. वेल्समध्ये माणसे एकतीस लाखांच्या आसपास आणि मेंढ्या नव्वद लाखांच्या आसपास, तेव्हा मेंढी दिसणार नाही अशी जागा सापडणे कठीण. त्या दिवसांत कोकरे दोन-अडीच महिन्यांची असतात. आईच्या आणि तिच्या कोकरांच्या अंगावर रंगाने एकच आकडा घातलेला असतो. ३१ नंबरची मेंढी, तिच्यामागे ३१ नंबरची दोन कोकरे. चुकामूक झाली तर जोड्या लावता येतात. ही युक्ती आपल्या धनगर बांधवांना सांगावी म्हणून मी वहीत टिपून घेत होतो.

त्या टिपून घेण्यानेच घात केला. धाकटी पुढे होती. मी फाटक ढकलले, ते मागे आपटले, लागले असे समजून वहीत डोके घालून पुढे गेलो. दोनेकशे पावलांवर गेलो असेन, तोच मागे बेंबें ऐकू आले. वळून पाहतो तर आगळ बसलेलीच नव्हती. दहा-बारा मेंढ्या आणि त्यांची कोकरे फाटकातून शेजारच्या शेतात घुसली होती, आणि ते शेत मुरघासासाठी राखलेल्या उभ्या गवताचे. तीस वर्षे लोकांना चराईबंदी शिकवणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याने मेंढ्या पिकात सोडल्या होत्या!

आम्ही दोघे हात पसरून धावलो. मेंढ्या आणखी आत गेल्या. तेवढ्यात चार चाकांच्या छोट्या गाडीवरून शेतकरीदादा आले. वय साठीच्या घरातले, पायात रबरी बूट, मागे काळा-पांढरा कुत्रा बसलेला. त्यांनी आम्हाला हातानेच थांबवले आणि दोन शिट्ट्या मारल्या. कुत्रा गवताच्या कडेकडेने लांबून वळसा घालून गेला, पोट जमिनीला लावून बसला, उठला, पुन्हा बसला. एकदाही भुंकला नाही. पाच मिनिटांत कळप फाटकातून परत आला. मग त्यांनी आकडे जुळवले. एक कोकरू कुंपणाच्या खळग्यात अडकले होते, ते त्यांनी पायाला धरून अलगद बाहेर काढले.

मी माफी मागितली. मला वाटले, आता चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी मला फाटकापाशी नेले, आगळ उचलून खाली सोडली. टक्‌ असा आवाज झाला. म्हणाले, "हा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही." एवढेच.

मी शेतीखात्याचा माणूस आहे म्हटल्यावर ते बोलते झाले. त्यांचे इंग्रजी वेल्श वळणाचे, मला अर्धे कळे, उरलेले धाकटी सांगे. लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही. मुलगा शहरात. हे सगळे ऐकताना आपल्याच गावच्या पारावर बसल्यासारखे वाटले. मी विचारले, "तुमच्या रानातून रोज ही परकी माणसे जातात, त्रास होत नाही?"

ते म्हणाले, "होतो की. आज झालाच ना? माझ्या वडिलांना तर ही वाट मुळीच पसंत नव्हती. मग २००१ साल आले."

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली होती, हे आपल्या पशुपालकांपैकी काहींना ठाऊक असेल. रोग आवरण्यासाठी साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. पायाला लागून रोग पसरू नये म्हणून देशभरातल्या पायवाटा बंद केल्या होत्या. यांच्या फाटकालाही बंदीची पाटी लागली. कळप वाचला. "पण महिनोन्‌महिने या वाटेवर माणूस दिसला नाही," ते म्हणाले. "वडील रोज संध्याकाळी फाटकापाशी येऊन उभे राहायचे. मी विचारले, काय पाहता? म्हणाले, काही नाही. वाट पुन्हा उघडली त्या दिवशी त्यांनी स्वतः पाटी काढली आणि पहिल्या येणाऱ्याला चहा दिला. वाट बंद केली की समोरचाच बंद होतो असे नाही. आतलाही बंद होतो."

चहा आम्हालाही मिळाला.

माझी नांगरलेली वाट

तिथून पुढचे दोन मैल मी काही बोललो नाही. धाकटीला वाटले, गुडघे दुखत आहेत.

वाचक हो, आता मला सांगितलेच पाहिजे. वीस वर्षांपूर्वी माझी आणि माझ्या थोरल्या बंधूंची वाटणी झाली. रस्त्याकडचा तुकडा माझ्या वाट्याला आला, ओढ्याकडचा दादांच्या. त्यांची बैलगाडी माझ्या पूर्वेच्या बांधाने जायची. कागदावर काही लिहिले नव्हते. भावाभावांत काय लिहायचे? दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला. त्या रागात मी ट्रॅक्टर घातला आणि ती वाट नांगरून हरभरा पेरला. तेव्हापासून दादा ओढ्याकडून वळसा घालून जातात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असले की गाडी जात नाही. गेल्या वर्षी वहिनींनी आणि त्यांनी सोयाबीनची पोती डोक्यावरून वाहिली. ते मी पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखे केले होते.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. दोन्ही मी सभांतून लोकांना समजावून सांगितले आहेत. पाणंदी मोकळ्या करा म्हणून भाषणे दिली आहेत. दादांनी माझ्याविरुद्ध तहसीलदारांकडे अर्ज केला असता तर निकाल त्यांच्या बाजूने लागला असता, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. त्यांनी अर्ज केला नाही. भावावर अर्ज कसा करायचा, एवढेच ते कुणाला तरी म्हणाले होते.

आणि इथे एक अनोळखी माणूस, ज्याचे गवत मी तुडवू दिले, तो मला आगळ कशी लावायची ते शिकवत होता.

समुद्र

प्रेस्टॅटिनच्या वरचा शेवटचा डोंगर चुनखडीचा आहे. वाट त्याच्या अगदी कडेने जाते. एका वळणावर झाडी संपते आणि एकदम समोर समुद्र. खाली गावाची छपरे, पलीकडे आयरिश समुद्राचे राखाडी पाणी आणि त्यात पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा. 'ग्विंट अ मोर' या एकाच प्रकल्पात १६० पवनचक्क्या आहेत. नावाचा अर्थ समुद्रवारा. तेरा दिवसांत ज्या वाऱ्याने आम्हाला छळले, त्याला तिथे कामाला लावलेले पाहून बरे वाटले.

उतार फार तीव्र आहे. गुडघ्यांना शेवटचा दंड भरून गावात उतरलो. तिथून भर बाजारपेठेतून सरळ रस्ता, मग रेल्वे ओलांडायची, मग चौपाटी. दुकानदारांना पाठीवरच्या ओझ्यावरून आणि चिखलाच्या बुटांवरून कळते. एक आजीबाई हसून म्हणाल्या, "झाले एकदाचे!" किनाऱ्यावर एक शिल्प उभे आहे. त्याच्या वेल्श नावाचा अर्थ 'आरंभ आणि शेवट'. ज्यांचे चालणे उत्तरेकडून सुरू होते त्यांना तोच आरंभ, आमच्यासारख्यांना तोच शेवट.

आम्ही बूट काढून पाण्यात उभे राहिलो. पाणी बर्फासारखे. धाकटीने पहिल्या दिवशी चेपस्टोजवळच्या काठावरून एक गोटा उचलून खिशात ठेवला होता, तो तिने समुद्रात टाकला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आबा, तात्यांची वाट आता तरी सोडा ना."

म्हणजे तिला गुडघ्यांचे कारण खरे वाटले नव्हते.

परत आल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. पहिला पाऊस व्हायचा होता. गड्याला न सांगता मीच टिकाव-फावडे घेतले. पूर्वेच्या बांधाकडेने आठ फूट रुंद पट्टा सोडला, ढेकळे फोडली, दोन ठिकाणी मुरूम टाकला. रस्त्याकडच्या तोंडाला गुरे आत शिरू नयेत म्हणून बांबूचे कवाड केले आणि त्याला लोहाराकडून लोखंडी आगळ करून बसवली. दादांकडे जाऊन सांगायचे धैर्य झाले नाही. पुतण्याकरवी निरोप धाडला.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी गोठ्यात होतो. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दादांची गाडी बियाण्याची पोती घेऊन बांधाने चालली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मीही हाक मारली नाही. दोन वर्षांचा राग एका पट्ट्याने जात नसतो. पण गाडी आत गेल्यावर ते खाली उतरले, मागे आले, आणि कवाड लावून घेतले.

टक्‌ असा आवाज झाला. मी गोठ्यात उभा राहून तो ऐकला.

वाचक हो, वेल्सला जाण्याचा योग प्रत्येकाला येईल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. पेरणीआधी एकदा आपल्या शिवारातून मात्र चालून या. कुणाची वाट आपल्या नांगराखाली गेली आहे का, तेवढे पाहा. फार नको, बैलगाडीपुरती.